धाकट्याची पॅलिओ

दिवाळीची सुट्टी लागली त्या संध्याकाळी अम्मीने जाहीर केलं, "मला कलबुर्गीला जायचंय." तिची मोठी बहीण, आमची खाला, तिथे राहते. गेल्या पावसाळ्यात खाला घरातच पडली आणि तेव्हापासून अंथरुणावर आहे. दोघी बहिणींची भेट होऊन सहा वर्षं झाली. फोनवर रोज बोलतात, पण हल्ली खाला बोलता बोलता गप्प होते आणि अम्मी फोन कानाला धरून तशीच बसून राहते.

"रेल्वेने जाऊ," मी म्हटलं. पळसदरीत राहणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार? आमच्या अंगणातून घाटात चढणाऱ्या गाड्या दिसतात आणि याच मार्गाने पुढे पुणे, सोलापूर, कलबुर्गी लागतं. पण अम्मीच्या गुडघ्यांना आता स्टेशनचा पूल झेपत नाही, डब्याच्या पायऱ्या झेपत नाहीत. आणि तिचं आधीच ठरलेलं होतं.

"धाकट्याच्या गाडीने जायचं. त्याने मला शब्द दिला होता."

धाकटा म्हणजे माझा भाऊ. सहा वर्षांपासून आखातात आहे. यंदा तो येणार होता, पण त्याची रजा नामंजूर झाली. त्याची गाडी मात्र इथेच आहे, पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. २००३ सालची फियाट पॅलिओ, १.६ लिटरची. आजच्या मुलांना हे नाव माहीत नसेल. २००१ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा सचिन तेंडुलकर तिची जाहिरात करायचा. ज्या कुर्ल्यात पद्मिनी बनायची, तिथेच हीदेखील बनली. १५९६ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, शंभर अश्वशक्तीच्या घरातलं इंजिन. त्या काळच्या साध्या छोट्या गाड्यांच्या मानाने ताकद जवळपास दीडपट. खरी स्पोर्ट्स कार कोणाच्या बापाला परवडणार होती? कर्जत-खोपोलीच्या पोरांसाठी हीच स्पोर्ट्स कार.

धाकट्याने ती जुनी घेतली आणि पगारातला एकेक रुपया तिच्यात घातला. आखूड स्प्रिंगा बसवून गाडी खाली बसवली. रुंद चाकं, बारीक कडेचे टायर, बोनेटखाली उघडा एअर फिल्टर, आणि मागे एवढा मोठा सायलेन्सर की तो खोपोलीहून निघाला की अम्मी चुलीवर चहा ठेवायची. तेव्हा ती चिडायची. "अख्ख्या गावाला कळतं माझं पोरगं आलं ते!" आता तीच दर शुक्रवारी ताडपत्रीवरची पानं झाडते.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते आणि गरज पडली तर उर्दूही. गाडी चालवता येते, पण गाडीतलं फारसं कळत नाही. म्हणून खोपोलीच्या मिस्त्रींना बोलावलं. साठीचे गृहस्थ, पद्मिनीच्या काळापासून फियाट हाताळलेले. त्यांनी बॅटरी जोडली, गाडी सुरू केली, खालून वरून बघितली आणि म्हणाले, "मॅडम, ही पळायला तयार केलेली गाडी आहे. प्रवासाला नाही."

मी वही उघडली. बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण काढायला शिकवलं होतं: उद्दिष्ट काय, पूर्वज्ञान काय, साहित्य काय. वरती लिहिलं, "पळसदरी ते कलबुर्गी, साडेचारशे किलोमीटर, प्रवासी अम्मी (वय ७१)." मग मिस्त्री सांगत गेले आणि मी लिहीत गेले.

पहिला टायमिंग बेल्ट. तो शेवटचा कधी बदलला याची नोंद नाही. बेल्ट किलोमीटरने झिजतो तसा वयानेही झिजतो. गाडी उभी राहिली म्हणून तो तरुण राहत नाही. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच जातं. दुसरं, कूलिंग. कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला होता आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधं पाणी होतं, गंजाने चहासारखं झालेलं. तिसरं, टायर. नक्षी छान दिसत होती, पण मिस्त्रींनी टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर २३१५ होतं. म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचं रबर. वीस वर्षं या आकड्यांशेजारून गेले असेन, पण ते वाचायचे असतात हे मला ठाऊक नव्हतं. चौथं, पेट्रोलच्या रबरी नळ्या. हल्ली पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या पद्धतीचं रबर त्याने खराब होऊ शकतं, म्हणून नळ्या नव्या. पाचवं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी.

मग त्यांनी ब्रेक ऑइलची बाटली उघडली. आत काळं पाणी.

"हे हवेतलं पाणी शोषतं," ते म्हणाले. "घाट उतरताना ब्रेक तापले की आतलं पाणी उकळतं, वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही." मी नंतर डब्यावर वाचलं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५पर्यंत उतरते. पुढच्या डिस्क झिजून पातळ झाल्या होत्या. मागचे लायनर संपले होते. धाकट्याने पळण्यासाठी एवढा खर्च केला, थांबण्यासाठी एक पैसा नाही.

तिथे मला अब्बा आठवले. अब्बा कर्जतला रेल्वेत होते. भोर घाटातला हा रेल्वेमार्ग १८६३ पासूनचा. चढ असा की ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. लोक तेवढंच बघतात, फोटो काढतात. अब्बा आम्हाला उतरणाऱ्या गाड्या दाखवायचे. घाट उतरताना गाडी मध्येच थांबवतात, ब्रेक धरतो की नाही ते तपासतात आणि मग पुढे सोडतात. जी थांबणार नाही तिच्यासाठी रुळांची वेगळी फांदी काढून ठेवलेली असते, चढावर जाणारी, तिला कॅच सायडिंग म्हणतात. "चढायला इंजिन लागतं," अब्बा म्हणायचे, "उतरायला अक्कल."

रात्री धाकट्याला फोन लावला. बेल्ट, कूलंट, टायर, ब्रेक, सगळ्याला तो हो म्हणाला. मग मी स्प्रिंगांचं काढलं. गाडी इतकी खाली होती की आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोट घासायची. आखूड स्प्रिंगांनी शॉकअप बसले होते, तेल गळत होतं. चाकं आतल्या बाजूला कललेली, त्यामुळे टायर एकाच कडेला झिजलेले. अम्मीचे गुडघे त्या सीटवरून दोन तास निघाले नसते. शिवाय तो सायलेन्सर. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं आहे की उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येत नाहीत. दुसऱ्या राज्यात, म्हाताऱ्या आईला घेऊन, कोणी अडवलं तर मी काय उत्तर देणार?

"म्हणजे सगळंच काढणार," तो म्हणाला.

"जे प्रवासाला चालत नाही ते काढणार."

"आपा, ती गाडी म्हणजे मी आहे तिथला. तीच पुसून टाक." आणि त्याने फोन ठेवला.

मला राग आला. सुट्टीत पाना घेऊन मी उभी, पैसे माझे जाणार, गाडी मी चालवणार, आणि वर हे. पण झोप लागली नाही. सहा वर्षं तो एका खोलीत पाच जणांबरोबर राहतो. इथे त्याचं म्हणून काय उरलंय? त्याची खोली आम्ही धान्य ठेवायला घेतली. त्याचे शर्ट भाच्याने वापरून फाडले. मी वर्गात मुलांच्या निबंधात लाल शाई चालवते तेव्हाही अख्खं वाक्य कधी खोडत नाही. इथे तर अख्खी वही कोरी करायला निघाले होते.

दोन दिवस त्याचा फोन नाही. मिस्त्रींचं काम सुरू होतं. तेवढ्यात नवी अडचण निघाली. स्टेपनी मूळ लोखंडी चाकाची होती, पण गाडीतले बोल्ट रुंद चाकांसाठी घेतलेले, लांब. फियाटच्या चाकाला नट नसतो, बोल्ट आतमध्ये जातो. लांब बोल्ट लोखंडी चाकाला लावला तर आत जाऊन अडकू शकतो. म्हणजे इतकी वर्षं धाकटा जी स्टेपनी घेऊन फिरत होता, ती रस्त्यात बसवताच आली नसती. तसले जुने बोल्ट, जुन्या स्प्रिंगा आता मिळायच्या कुठे? मिस्त्री भंगारवाल्यांना फोन करू लागले.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्याचा आवाजी निरोप आला. अकरा सेकंदांचा. "आपा, माळ्यावर अब्बांच्या ट्रंकेमागे एक गोणी आहे. बघ."

भाच्याला माळ्यावर चढवलं. गोणी दोघांनी मिळून उतरवली. आत चार मूळ स्प्रिंगा, तेल लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या. एअर फिल्टरचा डबा. सायलेन्सरचं मागचं नळकांडं. डालड्याच्या जुन्या डब्यात सोळा बोल्ट. आणि पुठ्ठ्यावर त्याच्या अक्षरात मराठीत लिहिलेलं: "ओरिजिनल. टाकु नये."

टाकू मधला ऊ दीर्घ हवा. माझ्याच वर्गात तो शिकला, तेव्हाही ऱ्हस्व-दीर्घ चुकायचाच. मी पुठ्ठा हातात धरून माळ्याखाली बसले आणि अम्मी विचारत राहिली, काय झालं, काय सापडलं.

मी त्याला फोन केला. "ठेवलं होतंस, तर आधी सांगायचं ना."

"अम्मीला बसवायची तेव्हा लावणारच होतो," तो म्हणाला. "मी लावणार होतो."

लोखंडी चाकांचा पत्ता अम्मीनेच दिला. दोन पाण्याच्या पिंपाखाली होती, दोन कोंबड्यांच्या खुराड्याला आधार म्हणून. मिस्त्रींनी घासून, फिरवून तपासली. तीन चांगली निघाली, एक वाकलेली होती, ती बदलली. सगळा खर्च मिळून बेचाळीस हजार झाला. निम्मे धाकट्याने पाठवले. एवढ्या पैशात भाड्याची गाडी करून दोनदा जाऊन आलो असतो, हे मला चार जणांनी सांगितलं. हिशेब त्यांचा बरोबर आहे.

जुनी गाडी कोणी असं दूर नेणार असेल तर मिस्त्रींची एक गोष्ट सांगते. काम झालं की लगेच निघायचं नाही. आधी शंभरेक किलोमीटर घराजवळ फिरवायची, कारण नव्याने केलेल्या कामातच चूक राहते. आम्ही खोपोलीहून खंडाळ्याला चढलो. तापमानाचा काटा मधोमध स्थिर राहिला. उतरताना त्यांनी मला दुसऱ्या गिअरमध्येच ठेवलं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, दाबायचा आणि सोडायचा, वेग इंजिनने धरायचा. खाली आल्यावर चाकांजवळ हात नेऊन बघितलं, कुठलं जास्त तापलंय का. मग थंड झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळले. कागदांची फाईल केली: नोंदणीचं २०२३ मध्ये केलेलं नूतनीकरण, विमा, पीयूसी.

उर्दूत मी मुलांना 'एहतियात' शिकवते, मराठीत त्याला 'खबरदारी' म्हणते. खबरदारी हा शब्दही मूळ फारसीच, पण मराठीत इतका मुरलाय की त्याची जात कोणी विचारत नाही. शेजारच्या काकूंनी निघायच्या आदल्या दिवशी नारळ आणून दिला. पळसदरीत स्वामी समर्थांचा मठ आहे आणि आमचा रस्ता सोलापूरनंतर अक्कलकोटवरूनच जातो. "तेवढा मठात द्या आणि प्रसाद आणा," काकू म्हणाल्या. तो नारळ अम्मीने स्वतःच्या पायाशी, सांडणार नाही असा ठेवला.

धाकट्याचं सगळंच मी काढलं नाही. त्याचं लहान स्टिअरिंग काढावं लागलं, पण लाल गिअर नॉब आहे, काचेवरची त्याची पट्टी आहे. रुंद चाकं आणि तो सायलेन्सर तेल लावून त्याच गोणीत बांधले. पुठ्ठाही तोच बांधला, दुरुस्ती न करता.

पहाटे फज्रनंतर निघालो. मी चावी फिरवली. अम्मी सीटवर नीट बसली, ओढणी सावरली आणि वाट बघू लागली.

"सुरू कर ना," ती म्हणाली.

"सुरूच आहे, अम्मी."

"मग आवाज कुठे गेला हिचा?"

फोन लावलेलाच होता. धाकट्याला सगळं ऐकू जात होतं. गेली सहा वर्षं तो गाडीबद्दल एकच विचारायचा, पिकअप कसा आहे. आज थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आपा, ब्रेक नीट धरतो ना?"

"धरतो," मी म्हटलं, आणि गल्लीच्या तोंडाशी, जिथे पूर्वी पोट घासायचं, तिथून गाडी हळूच बाहेर काढली.