परतीचा टाका

हाताने काही करण्याची आवड असलेल्या मैत्रिणीला भेट द्यायची म्हटलं, की बहुतेक जणी दुकान गाठतात. दोऱ्यांचा डबा, नवी रिंग, नक्ष्यांचं पुस्तक. देणारीचं मन चांगलंच असतं, पण जिला वेळ नाही तिच्या कपाटात हे सगळं आधीपासून असतं. तो खण उघडला की तिला आनंद कमी होतो आणि टोचणीच जास्त लागते. एवढं आणून ठेवलंय आणि अजून एक टाका घातलेला नाही! त्यात आणखी सहा लड्यांची भर घालून आपण तिची टोचणी तेवढी वाढवतो.

मी कोल्हापुरात भरतकाम शिकवते. माझी एक जिवाभावाची मैत्रीण मिरजेला सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, रोज रेल्वेने जाऊन-येऊन करते. ड्यूटी तीन पाळ्यांत फिरणारी, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगा बारावीला. हात मात्र असा, की तिने भरलेलं कापड उलटून पाहिलं तर सुलटी बाजू कोणती हे पटकन सांगता येऊ नये. तिच्या वाढदिवसाला काय द्यावं याचा विचार करताना मी एकाच गोष्टीवर अडले होते: हिचं काम थांबतं ते नेमकं कुठे?

ते टाक्यावर थांबत नाही, टाक्याच्या आधी थांबतं. कोरं कापड भिजवून वाळवायचं, इस्त्री करायची, कडेचे धागे सुटू नयेत म्हणून ती दुमडून धावदोरा घालायचा. घड्या घालून मध्य काढायचा. लाल-काळ्या दोऱ्याचा रंग जातो का, ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघायचं. लडी सोडवून हातभर लांबीचे तुकडे कापायचे. सहापदरी दोऱ्यातून पदर एकेक करून ओढायचे आणि मग दोन-दोन पुन्हा जुळवायचे, कारण दोन्ही एकदम ओढले तर पीळ राहतो आणि टाका नीट बसत नाही. एवढं होईपर्यंत रविवारची दुपार सरते. आणि अख्खी मोकळी दुपार हिच्या वाट्याला क्वचितच येते.

तिचा जीव कसुतीवर. कसुती मूळची धारवाडकडची. इरकल साडीच्या पदरावर, नवरीच्या काळ्या चंद्रकळेवर ती भरली जायची, आणि शेजारामुळे बेळगाव-कोल्हापूरच्या घरांतही रुळली. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, पोपट, तुळशीवृंदावन हे तिचे लाडके आकार. टाके चारच. मेंथी म्हणजे मेथीदाण्यासारखी बारीक फुली. नेगी विणीसारखी लांब-आखूड धावते, मुर्गी पायऱ्या-पायऱ्यांनी चढते, आणि गवंती सरळ, आडवी, तिरकी रेघ काढते. कापडावर नक्षी छापायची नाही, धागे मोजत जायचं. गाठही मारायची नाही, दोऱ्याचं टोक टाक्यांखाली दडवायचं.

यातली गवंती जरा जवळून बघावी अशी आहे. तिची रेघ दोन खेपांत पुरी होते. जाताना सुई ठरलेले धागे वरून, तेवढेच खालून अशी धावते, त्यामुळे रेघ तुटक दिसते. टोकाला पोचल्यावर वळायचं आणि त्याच भोकांतून परत येत मधल्या मोकळ्या जागा भरायच्या. निघालो तिथे परत पोचेपर्यंत रेघ सलग झालेली असते, वरून आणि खालूनही. युरोपात हाच टाका होल्बाइन या चित्रकाराच्या नावाने ओळखतात. त्याने १५३६च्या सुमारास रंगवलेल्या इंग्लंडच्या राणी जेन सीमूरच्या चित्रात मनगटापाशी कफांवर काळ्या दोऱ्याचं असंच भरतकाम दिसतं. माझ्या विद्यार्थिनींना मी ते चित्र आवर्जून दाखवते. सुई हातात धरणाऱ्या बाईला आपलं गोत किती लांबवर पसरलंय हे कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

या दोन खेपा मात्र सारख्या नाहीत. सगळं डोकं लागतं ते जाताना. एक धागा चुकला की रथाची उजवी बाजू डावीला जुळत नाही. फाटा फुटेल तिथे आधी कुठे वळायचं आणि कुठून मागे यायचं, हे सुई घालण्याआधी ठरवावं लागतं. कोणी हाक मारली की मोजणी गेली. परतीला मोजायचं काहीच नसतं. भोकं समोर असतात, ती सुईने शोधून भरत यायचं. मध्येच उठलं तरी कुठपर्यंत आलो होतो ते कापडच सांगतं. हातकणंगल्याला गाडी थांबो, शेजारची बाई गप्पा सुरू करो, नाहीतर रात्रपाळीनंतरची डुलकी लागो, काम आहे तिथेच राहतं.

म्हणून मी तिला जातानाची खेप भरून दिली.

पिशवीत सहज मावेल एवढा मॅटीचा चौकोन घेतला. मॅटीत धागे जोडीने विणलेले असतात, मोजताना डोळ्यांना त्रास होत नाही. मध्यभागी रथ घेतला आणि त्याच्या रेघा एकाच खेपेत, तुटक, भरून सोडल्या. दोऱ्यांची टोकं मागे लांब ठेवली, म्हणजे तिचे टाके पडले की त्यांच्याखाली ती दडवता येतील. जिथून वळायचं तिथे पिवळ्या दोऱ्याची एक सैल खूण घातली.

कोपऱ्यांत पोपट यायचे होते. त्यातला एकच मी भरला, तीन कोपरे कोरे ठेवले. इथे देणाऱ्याने हात आखडता घ्यावा. रथाच्या लांब रेघांना ती कंटाळते, हे मला ठाऊक आहे. पण पोपट मोजत बसली की तिला समोरचा चहासुद्धा दिसत नाही. तो आनंद मी आपल्याकडे घेणं बरोबर नव्हतं. कोणत्या कामाचा तिला कंटाळा आणि कोणत्यात ती रमते, हे दुकानदार सांगू शकत नाही. त्यासाठी तिच्या शेजारी बसून तिचे हात बघितलेले असावे लागतात. अशी भेट म्हणूनच परक्या माणसाला देता येत नाही.

बारीकसारीक गोष्टीही सांभाळाव्या लागतात. रिंग लावून देऊ नये, कापड महिनोन् महिने तसंच राहिलं तर तिचा वळ पडतो आणि तो सहजी जात नाही. सुई कापडात टोचून ठेवू नये, आपल्याकडच्या पावसाळी हवेत ती गंजते आणि तांबडा डाग कायमचा राहतो. ती फ्लॅनेलच्या तुकड्यात वेगळी द्यावी. दोरा लागेल त्याहून एक लडी जास्त घ्यावी आणि छटेच्या क्रमांकाचा कागद जपून सोबत ठेवावा. पुढे तीच छटा आणायला गेलं तर घाणा बदललेला असतो, आणि तो फरक उन्हात दिसतो.

ज्यांना गोधडीची आवड आहे त्यांचं अडणं वेगळं. जुन्या लुगड्यांचे काठ उसवायचे, थर एकावर एक अंथरायचे, सुरकुती न पडू देता कच्चे टाके घालून ते अडकवायचे. त्याला घरातली मोकळी जमीन लागते आणि दोन माणसं लागतात. ते करून दिलं की पुढचे धावदोरे मांडीवर घेऊन कधीही घालता येतात. क्रोशावालीला लडीचा गुंडा करून, साखळी आणि पहिली ओळ विणून द्यावी. एवढ्यानेही खूप होतं.

आणि तारीख घालू नये. दिवाळीपर्यंत होईल ना, भाचीच्या रुखवतात मांडू या, असं म्हटलं की भेटीचं काम झालं. दिवसभर घड्याळाकडे बघून सलाइन आणि इंजेक्शनं देणाऱ्या बाईला आपण आणखी एक वेळापत्रक का द्यावं? झालं का, असंही मी तिला विचारलं नाही. चिठ्ठीत फक्त लिहिलं होतं की कापड भिजवलेलं आहे, दोन पदर घे, पिवळ्या खुणेपासून मागे ये.

काही दिवसांनी गाडीतूनच तिचा फोन आला. "अगं, रथ निम्मा झाला. पण तुझ्या पोपटाची शेपूट मला पटली नाही, फार आखूड वाटते. मी ती उसवली आणि दोन घरं वाढवून पुन्हा भरली. चालेल ना?"

मला इतका आनंद झाला, की चालेल हे सांगायचंच राहिलं. मी विचारलं, मग मान कुठे वळवलीस? ती म्हणाली, मागे, शेपटीकडे. शेपूट लांबली तर मान मागेच जायला हवी, नाहीतर पोपट पुढे कलंडल्यासारखा दिसतो. मला ते पटेना. जयसिंगपूर मागे पडलं, मिरज आलं, तरी आमचा वाद मिटला नव्हता.