जुळ्या अंगांची नौका

मंगळवार पेठ, कोल्हापूर
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. बाळ यास,

मस्कतहून धाडलेले तुझे सविस्तर पत्र पावले; मजकूर सर्व कळला. नोकरीतून दोन वर्षांची मोकळीक घेऊन, सूनबाई आणि दोन्ही मुलांसह शिडाच्या कॅटामरानवर संसार मांडावा, अरबी समुद्र ओलांडून आधी आपल्या कोकणकिनाऱ्यावर यावे आणि मग दक्षिणेकडचा मार्ग धरावा, हा तुम्हा उभयतांचा संकल्प वाचून मला मनापासून आनंद झाला. तुझ्या वडिलांच्या मनात धास्ती आहे, आणि घाटावरच्या माणसाला समुद्राची धास्ती असावी यात नवल ते काय? परंतु त्यांनी तुला अडवलेले नाही, मला विचारावयास सांगितले आहे; आणि बंदर खात्याच्या चाकरीत माझी उभी हयात मालवण-वेंगुर्ल्याच्या धक्क्यांवर गेली असल्याने, या प्रश्नाचे उत्तर हातचे न राखता देणे मी माझे कर्तव्य समजतो.

नौका किती मोठी घ्यावी, हा तुझा पहिला प्रश्न आहे. त्याचे उत्तर देताना मला आपल्याच करवीर राज्यातल्या एका पुरुषाची साक्ष काढावीशी वाटते. गगनबावड्याचे जहागीरदार, हुकूमतपन्हा रामचंद्रपंत अमात्य यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात करवीरकर संभाजी महाराजांच्या नावे जे आज्ञापत्र सिद्ध केले, त्यात आरमाराचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर वतन असलेल्या त्या मुत्सद्द्याने दर्याचे मर्म किती अचूक ओळखले होते हे पाहून मला आजही थक्क व्हायला होते. अवाढव्य जहाजांच्या मोहात न पडता बेताच्या मापाच्या गुराबा, म्हणजे शिडाची लढाऊ जहाजे, बांधाव्यात, वारा पडला की जागीच अडून बसेल असे धूड बाळगू नये, असा त्यांचा कटाक्ष आहे. आणि लाकूडतोडीविषयी लिहिताना, आंब्या-फणसाची झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात म्हणून त्यांना हात लावू नये, अशी जी ताकीद त्यांनी दिली तिचे मोल तर कोणत्याही जहाजाहून अधिक आहे. ज्या राज्याच्या ताब्यात सिंधुदुर्ग आणि मालवण 1812 पर्यंत होते, त्या राज्याच्या दप्तरातला हा विचार आहे. तेव्हा माझा कौल स्पष्ट आहे: तुम्हा चौघांना बारा मीटरची, म्हणजे चाळीस फुटांच्या आसपासची नौका पुरेशी आहे. पंचेचाळीस आणि पन्नास फुटी नौकांची चित्रे पाहून मन चळते हे मी जाणतो. परंतु ज्या नौकेचे मोठे शीड रात्री दोन वाजता, यंत्राचा आधार तुटला असता, सूनबाई एकट्या उतरवू शकणार नाहीत, ती नौका तुमची नव्हे.

आता जुळ्या अंगांच्या नौकेचा, म्हणजे कॅटामरानचा, मूळ धर्म नीट समजून घे, कारण पुढचे सारे शहाणपण त्यातून निघते. एकअंगी शिडाच्या नौकेच्या तळाशी कीलमध्ये शिशाचे किंवा लोखंडाचे नीरम असते. वाऱ्याने ती कलते, जितकी कलते तितके ते वजन तिला अधिक जोराने मागे ओढते, आणि लाटेने ती पुरती लोळवली तरी बहुधा ती फिरून उभी राहते. कॅटामरानला नीरम नाही. तिचे सारे स्थैर्य तिच्या रुंदीत आहे. दहा टन वजनाची नौका घे, तिच्या दोन अंगांच्या मध्यरेषांमध्ये पाच मीटरचे अंतर धर, म्हणजे वाऱ्याकडचे अंग पाण्यातून उचलले जाण्याच्या क्षणी तिला सावरणारे बळ दहा टन गुणिले अडीच मीटर, अर्थात पंचवीस टन-मीटर इतके भरते. हे बळ फार मोठे आहे, म्हणूनच तिच्यावर ठेवलेला चहाचा पेला हलत नाही, मुले अभ्यासाला बसू शकतात आणि स्वयंपाक करणाऱ्याला भिंतीचा आधार शोधावा लागत नाही. परंतु त्याची परिसीमा अवघ्या दहा-बारा अंशांच्या कलावर गाठली जाते आणि त्यानंतर ते वाढत नाही, ओसरू लागते. सबंध उलटली तर ती आपण होऊन सुलट होत नाही. तरंगत मात्र राहते, आणि म्हणूनच तिच्या अंगांना तळाकडून बाहेर पडण्याच्या खिडक्या ठेवलेल्या असतात.

या तत्त्वाचे आपले घरचे रूप तू लहानपणी मालवणच्या किनाऱ्यावर पाहिले आहेस. रापणीच्या अरुंद होडीला एका बाजूस दोन आडव्या दांड्यांनी हलक्या लाकडाचा ओंडका जोडलेला असतो, त्या उलांडीच्या आधाराने एवढीशी होडी लाटांच्या तोंडी जाळे टाकू शकते. उलांडी पाण्यावरून उचलली जाऊ लागली की मागचा तांडेल तोंडाने शब्दही काढत नाही. एक गडी दांडीवरून चालत पुढे जातो, तिथे बसतो, आणि ती पुन्हा पाण्याला टेकली की तितक्याच निवांतपणे माघारी येतो. ओंडका पाण्यावरून किती बोटे उठला याकडे त्यांची नजर अखंड लागलेली असते. तुझ्या नौकेत असे डोळ्यांना दिसणारे लक्षण जवळजवळ नाही, आणि बाळ, या पत्रातला माझा मुख्य मुद्दा हाच आहे. एकअंगी नौका कलून, कण्हून, पाणी अंगावर घेऊन धन्याला आधी ताकीद देते. कॅटामरान शेवटपर्यंत सरळ उभी राहते. म्हणून जी सावधगिरी नौका देत नाही ती धन्याने नियमाने आणावी लागते.

तुझ्या वडिलांनी अभिलाष टॉमी यांचा दाखला दिला असेल, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या बत्तीस फुटी नौकेवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करीत असता सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने त्यांची नौका लोळवली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला भयंकर इजा झाली. परंतु नीरमाच्या बळावर नौका पुन्हा उभी राहिली आणि सुटका होईपर्यंत तिनेच त्यांना सांभाळले. त्याच वाटेवर कॅटामरान असती तर, हा प्रश्न कोणीही विचारील. माझे म्हणणे इतकेच की चाळीस आणि पन्नास अक्षांशांचे ते दक्षिण समुद्र कुटुंबकबिल्याने जाण्याचे नव्हेत. तिथे जायचे तर कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये नेली त्या ‘म्हादेई’सारखी एकअंगी नौका हवी. तुम्हाला उष्ण कटिबंधातल्या व्यापारी वाऱ्यांचा मार्ग धरायचा आहे, आणि त्या मार्गावर मुलांसह राहण्याला जुळ्या अंगांची नौका निःसंशय अधिक सोयीची आहे.

दुसरा दाखला मी देतो. आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या कारखान्यात बांधलेल्या ‘सुहेली’वरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये कोठेही न थांबता 312 दिवसांत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, हे तुला ठाऊकच आहे. त्याच गृहस्थांनी 1994 मध्ये पीटर ब्लेक यांच्यासह ‘एन्झा’ नावाच्या प्रचंड कॅटामरानवरून तीच प्रदक्षिणा 74 दिवस 22 तासांत पुरी केली. पण त्या सफरीतली मला सर्वांत पूज्य वाटणारी गोष्ट वेगाची नाही. अखेरच्या टप्प्यात, विक्रम हाताशी आलेला असता, वादळात नौकेची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लाटेत रुतून ती कोलांटू नये म्हणून त्यांनी मागून जाड दोर आणि साखळ्या पाण्यात सोडून तिचा वेग मुद्दाम मोडला. तू घेशील त्या नौकेत असा ओढ-नांगर पहिल्या दिवसापासून असावा, आणि तो सोडण्याची तालीम शांत समुद्रात आधी झालेली असावी.

निवडीच्या वेळी माझा सर्वाधिक भर वजनावर राहील. कॅटामरानची अंगे सडपातळ असतात, लांबी रुंदीच्या आठ-दहापट, आणि त्यातच तिच्या वेगाचे रहस्य आहे. परंतु सडपातळ अंगाला ओझे सोसत नाही. बारा मीटरच्या नौकेवर एक टन चढवला की ती पाच सेंटिमीटरच्या आसपास खाली बसते. पाणी, डिझेल, नांगराची साखळी, मुलांची पुस्तके, वातानुकूलन यंत्र, समुद्राचे पाणी गोडे करणारे संयंत्र, आणि सूनबाईंच्या माहेरून येणारी लोणच्यांची बरणी धरून, दोन टन केव्हा चढतात ते कळतही नाही. मग दोन अंगांना जोडणारा ब्रिजडेकचा मजला पाण्याला दहा सेंटिमीटर जवळ येतो, आणि समोरून येणारी आखूड लाट त्याच्या तळावर खालून अशी आदळते की फळीवरची भांडी उडतात, झोपलेली मुले दचकून उठतात आणि नौकेच्या सांध्यांवर तासन्‌तास मार पडत राहतो. म्हणून विक्रेत्याला मोकळ्या वजनाचा आकडा विचारू नकोस. संसार भरल्यावर हा मजला पाण्यापासून किती उंच राहील ते विचार. बारा मीटरला साठ सेंटिमीटरहून कमी असेल तर ती नौका, आतली सजावट कितीही मोहक असो, मी सोडून देईन.

खाली-वर होणाऱ्या पात्यांची नौका वाऱ्याच्या दिशेने अधिक चढते, हे खरे. तरी तू ठाम बसवलेल्या आखूड कीलची घे. कोकणच्या खाड्यांच्या मुखाशी वाळूचे बांध आहेत, आणि सव्वा मीटर पाण्यात तरंगणारी, ओहोटीला वाळूवर दोन पायांवर उभी राहणारी नौका त्या किनाऱ्याला शोभते. उधाणाच्या भरती-ओहोटीत दक्षिण कोकणात पाणी दोन मीटरच्या आसपास चढते-उतरते; निवाऱ्याची जागा पाहून ती वाळूवर टेकवली की तळ खरवडण्याचे काम एका ओहोटीत उरकते.

जुनी घेणार असशील, आणि तुझ्या ऐपतीत तीच बसेल, तर सर्व्हेयरशिवाय बयाणा देऊ नकोस. तरी स्वतःही एक लहान हातोडी घेऊन डेकवर फीर. इथल्या उद्यमनगरातला कारागीर ओतीव नग ठोकून आवाजावरून पोकळी ओळखतो, त्याप्रमाणे डेकचा खणखणीत नाद जिथे बद्द होतो तिथे आतल्या बाल्सा लाकडात पाणी मुरले आहे असे समजून खडूने खूण कर. डोलकाठीच्या बुडाशी, आणि दोन अंगांना सांधणाऱ्या आडव्या भिंतींच्या कडांशी, विजेरी तिरपी धरून तडे पाहा. लाटा ही दोन अंगे निरनिराळ्या दिशांना पिळत असतात आणि त्या पिळाचा हिशेब तिथेच उमटतो. डोलकाठीच्या तारा दहा वर्षांच्या असतील तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घे.

शिडाविषयी एकच फर्मान. वाऱ्याच्या किती नॉटला शिडाची कितवी घडी घ्यायची, याचा तक्ता बांधणाऱ्याकडून मागून घे, तो सुकाणूपाशी लाव, आणि सरासरी वाऱ्यावर न विसंबता झोताच्या आकड्यावर वाग. मागून वारा असताना विशेष जपावे लागते: खरा वारा चोवीस नॉट, नौका नऊ नॉटने पुढे पळते आहे, तर तुझ्या अंगाला पंधराच लागतात आणि सारे कसे प्रसन्न वाटते, पण काही कारणाने नौका वाऱ्याकडे वळवावी लागली की तेच चोवीसच्याही वर जातात, आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे शिडावरचा भार क्षणार्धात अडीचपटीहून अधिक होतो. रात्र पडण्यापूर्वी एक घडी अधिक घे. त्याने अर्धा नॉट गेला तर जाऊ दे.

प्रवासाचा काळ फाल्गुनाचा धर. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे महिने. 2007 च्या जूनमध्ये ‘गोनू’ने तुमच्या ओमानची केलेली दैना तिथल्या जुन्या माणसांना विचार, आणि 2021 च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ आपल्या किनाऱ्यालगत वर गेले तेव्हाचे हाल मालवण-देवगडचे मच्छीमार सांगतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये वायव्येचा वारा बहुधा पाठीशी राहील. मस्कत ते मुंबई सुमारे साडेआठशे सागरी मैल आहेत. सरासरी सहा नॉट धरलेस तर सहा दिवस लागतील, मी शिधा बारा दिवसांचा भरीन. कस्टम आणि इमिग्रेशनचे सोपस्कार मुंबईस पुरे कर, मग खाली ये. रात्री किनाऱ्यापासून दूर राहा, कारण मच्छीमारांची जाळी अंधारात दिसत नाहीत आणि ती जाळी म्हणजे कोणाचे तरी वर्षाचे उत्पन्न असते. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर निघून, दुपारी दर्याकडचा वारा जोर धरण्याच्या आत पुढच्या खाडीत शिरावे, असा आमच्या तांडेलांचा शिरस्ता आहे. विजयदुर्गाच्या आत वाघोटन खाडीत नांगर टाकलास की मी गगनबावड्याचा घाट उतरून तिथे येतोच.

निर्णय करण्यापूर्वी ज्या नौका मनात भरल्या असतील त्यांचे मोकळे वजन, भरलेले वजन, दोन अंगांतले अंतर आणि ब्रिजडेकची उंची एवढे चार आकडे लिहून पाठव. मी हिशेब मांडून उलट टपाली कळवीन. सूनबाईंना आणि मुलांना आशीर्वाद. थोरलीला पोहणे येते असे तू लिहितोस. धाकट्यालाही निघण्यापूर्वी शिकव.

तुझा,
काका