साक्ष कुणाची?

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात ‘एस्किमो’ होता. बर्फाचं घर, कुत्र्यांची गाडी, कातड्याचे कपडे. सगळं होतं, फक्त त्याचं बोलणं नव्हतं. ते लोक स्वतःला काय म्हणवतात हेही त्या धड्यात नव्हतं. ते म्हणवतात इन्युइट. अर्थ सरळ आहे : माणसं. ‘एस्किमो’ हे दुसऱ्यांनी चिकटवलेलं. चिकटवलेल्या नावाचं ओझं काय असतं हे दोस्तहो, तुम्हाला मी काय सांगू?

मला लिहायचंय ते त्यांच्या म्हाताऱ्यांच्या शब्दाविषयी.

१८४५ साली इंग्रजांची दोन जहाजं, एरेबस आणि टेरर, कॅनडाच्या उत्तरेच्या बर्फातून वाट काढायला निघाली. कप्तान सर जॉन फ्रँकलिन. बर्फात शिरली ती १२९ माणसं. एकही परत आलं नाही. १८५४ साली जॉन रे नावाचा डॉक्टर त्या मुलखात हिंडत होता. इन्युइटांनी त्याला सांगितलं : गोरे लोक दक्षिणेकडं चालत निघाले होते, उपासमारीनं मेले, आणि शेवटी शेवटी त्यांनी मेलेल्यांचं मांस खाल्लं. नुसतं सांगितलं नाही. त्या लोकांचे चांदीचे चमचे, काटे रेच्या हातात ठेवले.

लंडनात गहजब झाला. साहेब माणूस खाईल? आणि हे सांगतंय कोण, तर रानटी! सगळ्यात पुढं सरसावला चार्ल्स डिकन्स. होय, तोच. अनाथ पोरांच्या, गरिबांच्या दुःखावर कादंबऱ्या लिहिणारा. आपल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकात त्यानं लिहिलं की असल्यांच्या शब्दावर भरवसा ठेवता येत नाही. यांनीच आपल्या माणसांना मारलं नसेल कशावरून? म्हणजे बघा, साक्ष द्यायला आलेला माणूस उभ्या उभ्या आरोपी झाला. गरिबाचा कळवळा असलेला लेखकही कुठल्या माणसापाशी येऊन थांबतो, ते ध्यानात ठेवा.

हे वाचलं आणि मला आजी आठवली. तिला साल सांगता यायचं नाही. ‘मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात’ अशी तिची तारीख. जमिनीच्या तुकड्यासाठी एकदा कचेरीत उभी राहिली. कारकून म्हणाला, ‘‘म्हातारे, पुरावा काय? कागद हाय का?’’ आजी म्हणाली, ‘‘मी हाय की.’’ तो हसला. बाकीचेही हसले.

तिकडं इन्युइट म्हाताऱ्या सांगत राहिल्या. लंडनला नव्हे, आपल्या पोराबाळांना. एक जहाज अमुक ठिकाणी बुडालं, तिथं परकी माणसं दिसली. जोआ हेवन गावच्या लुई कामूकाकनं त्या गोऱ्यांविषयी आपल्या पणजीच्या तोंडून ऐकलं. मोठेपणी तो मास्तर झाला आणि वर्षानुवर्षं म्हाताऱ्यांपुढं बसून गोष्टी गोळा करत राहिला. जागांची जुनी नावं नकाशावर मांडत राहिला.

मग काय झालं? १९९७ साली शास्त्रज्ञांनी त्या खलाशांच्या हाडांवर सुरीचे वार आहेत असं जाहीर केलं. २०१४ साली एरेबस सापडलं, इन्युइटांनी दाखवलेल्या दक्षिणेच्या पाण्यात. २०१६ साली टेरर सापडलं, तेही एका इन्युइट माणसानं बर्फातून वर आलेला खांब पाहिल्याचं सांगितलं म्हणून. म्हाताऱ्यांचा शब्द खरा ठरायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. कामूकाकनं दोन्ही जहाजं सापडलेली पाहिली. २०१८ साली तो गेला.

पण ही सांगण्याची दोरी मध्ये तुटत आली होती. पोरांना घरापासून तोडून वसतिगृहाच्या शाळांत नेलं. आपल्या भाषेत बोललं की शिक्षा. आजी सांगतेय ते नातवाला कळेना. म्हणून इग्लूलिक गावात १९८६ पासून म्हाताऱ्यांचं बोलणं टेप करायला सुरुवात झाली. शिकार, तारे, नावं, जन्म, मरण, सगळं. नुनावुतच्या कॉलेजातल्या पोरांनी म्हाताऱ्यांना वर्गात बोलावलं, प्रश्न विचारले. १९९९ पासून त्याची पुस्तकं निघाली. त्याच वर्षी नुनावुत हा त्यांचा प्रदेश वेगळा झाला होता.

त्या बोलण्यात एक शिस्त आहे. म्हातारा आधीच सांगतो : हे मी पाह्यलंय, हे फक्त ऐकलंय. जे माहीत नाही त्यावर बोलत नाही. अशी शिस्त डिकन्सला त्या वेळी पाळता आली नाही.

आपल्या वस्तीतही अशी माणसं अजून दारात बसलेली आहेत. त्यांच्यापुढं जाऊन बसा. टेपरेकॉर्डर मागायला आता कुणाकडं जायला नको, खिशात मोबाइल आहे. कुणी पाह्यलं, कुणी सांगितलं, कुठं घडलं, नीट विचारा. त्यांच्याच भाषेत उतरवा, शुद्ध करू नका. कचेरी मानो न मानो. आजीचं मी उतरवून घ्यायला लागलो तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, ‘‘एवढ्या येळ कुनी इचारलंच न्हाई रं.’’