वर्षाची एक भरती

पाण्याच्या वर डोंगराला रेघा होत्या. आडव्या, एकीखाली एक, झाडी जिथं संपते तिथपासून थेट आमच्या तंबूच्या खुंट्यांपर्यंत. भंडारदऱ्याच्या जलाशयाचा काठ कुठूनही बघा, प्रत्येक उंचवट्याला आणि प्रत्येक खाचेला त्याच उंचीवर त्याच रेघा. काही जवळजवळ, काहींच्या मधे पुरुषभर अंतर. वर झाडी, खाली निळं पाणी आणि मधे हा उघडा, तांबूस, रेघारेघांचा पट्टा. फोटो काढणारे तो नेमका टाळतात. धाकटी म्हणाली, डोंगराची दुरेघी वही झालीय. त्यानंतर मी तो पट्टाच बघत बसले आणि चूल, चटया, चहा यांपैकी कशाच्याच उपयोगाची राहिले नाही.

मुलांना खरं तर समुद्र हवा होता. परीक्षा संपल्या होत्या, वर्गातलं कुणी दिवेआगरला, कुणी गणपतीपुळ्याला चाललं होतं. आमचा नगर जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटर, अलीकडे नावही नवं मिळालंय. पण किनारा म्हणाल तर बोटभर नाही. तेव्हा चैत्राच्या सुट्टीत शेंडी गावाच्या पुढे, काठावर तंबू. सोबत आई. तंबू चालवणारा मुलगा गावातलाच. रात्री पिठलं-भाकरी की कोंबडी एवढं विचारून गेला. "वाळू कुठंय?" धाकटीनं विचारलं. वाळू नव्हती. मुरूम होता, भेगाळलेला गाळ होता आणि मधूनच पांढरे पडलेले शिंपले. शिंपल्यांवर ती निभावली. थोरल्याचं म्हणणं, समुद्र म्हटला की भरती-ओहोटी पाहिजे, ती इथं कुठं आहे?

आहे की. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, या पाण्याला वर्षातून एकदा. मृगात सुरुवात होते, रतनवाडी-घाटघरकडचे ओढे धावायला लागतात, आणि पंधरा ऑगस्टच्या आत धरण भरलं की खालच्या तालुक्यांतली माणसं निर्धास्त झोपतात. मग लागते ती ओहोटी, थेट पुढच्या मृगापर्यंत. चंद्राचा इथं काही संबंध नाही. संबंध गव्हाचा, उसाचा, घासाचा आणि कागदावर ठरलेल्या तारखांचा. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की पाणी उतरतं. दारं बंद झाली की ठरतं, आणि ठरतं तिथं बारक्या लाटा काठ कुरतडत बसतात. तिथं रेघ उमटते. म्हणजे रेघ हा थांबा, आणि दोन रेघांमधला कोरडा उतार म्हणजे एकेक आवर्तन. आमचा तंबू जिथं होता ती जागा दिवाळीला पाण्याखाली होती. ती आम्हाला मोकळी करून दिली होती श्रीरामपूर-राहात्याकडच्या कुठल्यातरी गव्हानं.

प्रवरेवरच्या या धरणाचं काम इंग्रजांनी 1910 साली काढलं आणि 1926 साली संपवलं. दगडी बांधकाम, 82 मीटर उंची, पोटात 11 टीएमसी पाणी. मुंबई इलाख्याचा तेव्हाचा गव्हर्नर लेस्ली विल्सन, त्याचं नाव भिंतीला. पाटी सोडली तर ते नाव मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. माझ्या आजोळी नुसतं 'वरून सुटलं' म्हणत. काय सुटलं, कुठून सुटलं, हे विचारणारा माणूस तिथला नव्हेच.

आजोळ श्रीरामपूरच्या बाजूला, प्रवरेच्या डाव्या कालव्यावर. खरं सांगायचं तर आमच्या घराण्यातला तंबूविना मुक्काम तिथंच सुरू झाला. आजोबा दारं धरायला निघाले की सुट्टीतली आम्ही सगळी नातवंडं त्यांच्या मागं. पाण्याची पाळी दिवसा आली तर ती पाळीच नव्हे, असा काहीतरी नियम असावा. आमच्या आठवणीतली प्रत्येक पाळी रात्रीचीच. पाणी मागायचा सात नंबरचा फॉर्म कधीच भरून झालेला असे, पाटकऱ्याकडं दोन हेलपाटे झालेले असत, आणि तरीही चारीला पाणी अमक्या वेळेला येईल हे छातीठोकपणे सांगणारा गावात कुणी नसे. मग आठ वाजताच जाऊन बसायचं. खांद्यावर फावडं, हातात तीन सेलांची बॅटरी, काखेत घोंगडी. आजी फडक्यात भाकरी, ठेचा आणि कांदा बांधून देई आणि दर वेळी बजावी, पोरींना चारीच्या कडेला झोपवू नका. दर वेळी आम्ही चारीच्या कडेलाच झोपत असू, कारण गार तिथंच असे.

पाणी यायच्या आधी त्याची वर्दी येई. वरच्या शेतातून कुणीतरी ओरडे, "आलं रेऽ!" ते ऐकून मधला ओरडे, मग आमच्या शेजारचा. अंधारातून ती हाक एकेक बांध ओलांडत आमच्यापर्यंत पोचायची आणि आजोबा खालच्या माणसासाठी ती पुढं द्यायचे. मला वाटतं त्यांना पाण्यापेक्षा ती हाक द्यायला जास्त आवडत असावं. एरवी हळू बोलणारा माणूस, त्या एका हाकेला सगळा छातीतला वारा काढायचा. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. आणि मग कोरड्या चारीतून एक सरसर. आजोबा बॅटरी मारत. पाण्याचं तोंड असं सरळ, स्वच्छ कधी नसतं. पुढं वाळकी पानं, उसाचं पाचट, फेस, मुंग्यांची अख्खी वसाहत, एखादी कुणाची तरी चप्पल, हे सगळं ढकलत ते येतं. भेगा दिसल्या की थबकतं, भेगा पिऊन भरल्या की पुढं सरकतं. मागून येणारं पाणी मग निवांत वाहतं, पण ते पहिलं तोंड मी तासन्‌तास बघू शकले असते. उंदीर बिळं सोडून पळत. कधी त्यांच्या मागं जे निघे, त्याचं रात्री नाव घ्यायचं नाही.

आम्हाला काम एकच, मधे न येणं. आजोबा आणि मामा सरीमागून सरी दारं फोडत, बांधत. फावड्याचा एक घाव, बाजूला टाकलेलं ढेकूळ, त्यावर पायाचा दाब. झालं दार बंद. पुढच्या सरीत पाणी वळलं. चिखलात त्यांचे पाय उचलल्याचा आवाज घोंगडीवर पडल्या-पडल्या ऐकू येई आणि त्यावरून ते वाफ्यात कुठवर पोचले ते कळे. मधेच पाणी एकाएकी कमी होई. म्हणजे वर कुणीतरी फोडलं. मामा बॅटरी घेऊन तरातरा निघे, लांबून शिव्या ऐकू येत, नंतर हसणं, आणि पाणी परत वाढे. कधी हसण्याऐवजी बराच वेळ शांतता, आणि मग आजोबाही उठून जात. अशा भांडणांतली काही कोर्टात गेली, काहींतून सोयरिकी झाल्या. पहाटे डोळा उघडला की समोर सबंध रान ओलं, सरींमधे उजेडाच्या पट्ट्या, आणि आजोबा चारीच्या पाण्यानं तोंड धूत. ओंजळभर पाणी तोंडावर मारून म्हणत, "भंडारदऱ्याचंय. लगेच कळतं." काय कळायचं देव जाणे; तोवर ते पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून वळून, कालव्यातून, चारीतून, उन्हातून, चार गावांच्या म्हशींना अंघोळ घालून आलेलं असे.

भंडारदरा त्यांनी कधी पाहिला नाही. समुद्र मात्र पाहिला होता, कुठल्याशा कामाला मुंबईत गेले तेव्हा गिरगाव चौपाटीवर. त्याचं वर्णन करा म्हटलं तर एकच वाक्य सांगत: "एवढं पाणी, आणि एका सरीला उपयोग नाही." मला समुद्र आवडतो. पण किनाऱ्यावर गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ते वाक्य मनात येऊन जातंच. ते रक्तात आहे, त्याला इलाज नाही.

रात्री पिठलं-भाकरी झाल्यावर आईनं मुलांना अगस्तीची गोष्ट सांगितली. निमित्त आकाशाचं. दक्षिणेला डोंगराच्या कडेवर एक ठळक तारा होता आणि तो अगस्ती आहे हे तिला माहीत होतं. अगस्तीचा आश्रम इथून खाली प्रवरेच्या काठी अकोल्यात. महाशिवरात्रीला तिथं यात्रा भरते. कालकेय नावाचे असुर दिवसभर समुद्रात दडून बसत आणि रात्री बाहेर येऊन ऋषींना मारत. देवांनी अगस्तीला विनवलं. त्यानं ओंजळ लावली आणि समुद्र पिऊन टाकला. असुर उघडे पडले, देवांनी त्यांना संपवलं आणि मग म्हणाले, मुनिवर्य, आता पाणी परत सोडा. अगस्ती म्हणाला, ते तर जिरलं. पुढं भगीरथानं गंगा आणली तेव्हा कुठं समुद्र भरला.

"म्हणून आपल्याकडं समुद्र नाही?" धाकटी.

"म्हणूनच," आई म्हणाली. पुराणाला याहून चोख पुरावा कुणी दिला नसेल.

अकोल्यातल्या सहकारी साखर कारखान्याला याच अगस्तीचं नाव आहे, आणि पिण्याच्या बाबतीत ऊस त्याचा शिष्य शोभतो, हे मी मनातच ठेवलं. आजोळचे लोक उसावरच मोठे झालेत. आणि ही नदी आहेच पुराणकथांची. उगमापाशी रतनगड, तिथं राहूचा गळा चिरला आणि त्यातून अमृताची धार लागली ती प्रवरा, असं सांगतात. रतनवाडीचा देव अमृतेश्वर. संगमाआधी नेवासं, तिथं मोहिनीनं देवांना अमृत वाढलं म्हणून मोहिनीराजाचं देऊळ. समुद्र घुसळून निघालेलं सगळं सामान या एका नदीच्या काठी येऊन पडलंय, समुद्र तेवढा नाही. वराहमिहिरानं बृहत्संहितेत अगस्तीच्या उदयाला स्वतंत्र अध्याय दिलाय. पावसाळा सरताना हा तारा पहाटे दिसायला लागला की गढूळ पाणी निवळतं, अशी जुनी समजूत. धरण तुडुंब भरतं तोही तेव्हाचाच सुमार. आणि आता, पाणी उतरत चाललं असताना, नऊच्या सुमाराला तो डोंगराआड निघून गेला. याचा काही अर्थ लावायचा मोह मी आवरला. थोरल्यानं आवरला नाही. त्याचं म्हणणं, पाणी तोच घेऊन चाललाय.

त्याला भरती-ओहोटीचा हट्ट होताच, म्हणून दुसऱ्या दिवशी घाटघरला नेलं. तिथं कड्याच्या अलीकडं एक लहान धरण आहे आणि कड्याखाली, ठाणे जिल्ह्यात शहापूरकडं, दुसरं. मधे चारशे मीटरची उतरण आणि जमिनीच्या पोटात 250 मेगावॅटचं वीजघर. विजेची मागणी चढली की वरचं पाणी खाली सोडतात, वीज होते. मागणी उतरली की तेच पाणी पंपानं परत वर. पाणी तेच, फेऱ्या रोजच्या. इथं रोजची भरती-ओहोटी आहे, फक्त चंद्राच्या जागी मुंबईतले वातानुकूलक आहेत. थोरल्याचं समाधान झालं. कड्यावरून पश्चिमेला कोकण धुरकट दिसत होतं. समुद्र दिसत नाही, पण त्या बाजूला पडलेला थेंब शंभरेक किलोमीटरांत अरबी समुद्रात. आपल्या पायाकडचा थेंब मात्र पाठ फिरवून प्रवरेतून टोक्याला गोदावरीत, जायकवाडीच्या नाथसागरात, आणि कुणी अडवला नाही तर सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. कुणी अडवला नाही तर, हे अर्थात बोलायचं. अडवायला माणसं रांगेत उभी आहेत, आणि ती रांग आता नगर विरुद्ध मराठवाडा अशी न्यायालयापर्यंत गेलीय.

परत तंबूकडं आल्यावर आईनं मामाला फोन लावला.

"धरणावर? तिकडं काय काम काढलं?"

"पोरांना समुद्र पाहिजे होता."

मामानं ते ऐकलंच नाही. "पाणी किती आहे गं?"

आईनं उठून काठाकडं बघितलं. "आहे की पुष्कळ."

"पुष्कळ म्हंजे? निम्म्याच्या वर का खाली? तिथं कुणी असंल त्याला इचार, उन्हाळ्याची अजून किती आवर्तनं निघतील. ह्या भंडारदऱ्याचं निळवंड्यात, निळवंड्याचं ओझरला, आमच्या चारीला येस्तोवर घास वाळतोय. तीन तरी पाहिजेत."

तंबूवाला मुलगा दोऱ्या सोडवत होता. आईनं त्याला विचारलं. त्यानं खाली, पाण्यालगतच्या गाळाकडं हात केला. "दोन निघाली तर तंबू त्या तिथं खाली नेईन, आजी. तीन निघाली तर खाली नुसता राडा. पब्लिक येत नाही मग. दोनच बास."

"काय म्हणतो?" फोनमधून मामा.

आईनं एकदा मुलाकडं बघितलं, एकदा फोनकडं. "अडीच म्हण," ती म्हणाली.