सकरसोबत कोण राहील?

आमच्या हॉलमध्ये पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच फिश टँक आहे. बाबांनी २०१४ साली, रिटायर झाल्या झाल्या घेतलेला. हिशेबाने ५६६ लिटर. खालची वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाचशे. बाबा पाटबंधारे खात्यात होते, त्यातली बरीच वर्षं मुळा धरणावर. त्यामुळे टँक घरात आला त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा बीम कुठून जातो ते पाहिलं. अर्धा टन पाणी स्लॅबच्या मधोमध ठेवायचं नाही, भिंतीला लागूनच, यावर त्यांचं आणि आईचं भांडण झालं होतं. आईला तिथे शोकेस हवी होती.

बीमचा एवढा विचार करणाऱ्या माणसाने माशांचा मात्र शून्य विचार केला. जो आवडला तो आणला. गोल्डफिश, त्यांच्या शेपट्या कुरतडणारे टायगर बार्ब, आणि एक ऑस्कर, ज्याने उरलेल्या बऱ्याच जणांचा निकाल लावला. बाबा २०२२ मध्ये गेले तेव्हा टँकमध्ये एकच मासा शिल्लक होता. सकर. ‘काच साफ करतो’ म्हणून दुकानदाराने बोटाएवढा दिला होता, तो आता चौदा इंचांचा झाला होता. मोठा सकर काच वगैरे काही साफ करत नाही. तो दिवसभर लाकडाखाली पडून असतो आणि घाण करतो.

वर्षभर आम्ही त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. आई रोज संध्याकाळी काकडीची चकती टाकायची, तेवढंच. मग मी ठरवलं की टँक नीट करायचा. हिरवा, झाडांचा, छोट्या माशांच्या थव्यांचा, व्हिडिओत दिसतो तसा. आणि सकरला घालवायचं.

‘घालवायचं म्हणजे कुठे?’ आईने विचारलं.

दुकानदार घ्यायला तयार नव्हता. ओळखीतल्या कोणाकडे एवढा टँक नव्हता. एका मित्राने सहज सुचवलं, ‘रविवारी धरणावर जाऊ, सोडून देऊ. मोकळं पाणी, सुखात राहील.’ खोटं कशाला बोलू, मला ते पटलं होतं. मी आईला तसं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘ह्यांच्या धरणात ते सोडणार तू?’

मला विसरायला झालं होतं, पण ती विसरली नव्हती. उजनीच्या पाण्यात चिलापी कशी माजली हे बाबा येईल त्या पाहुण्याला सांगत. उजनीचा फुगवटा आपल्याच कर्जत तालुक्याला येऊन टेकतो, त्यामुळे ती गोष्ट त्यांना परकी वाटत नसे. आता त्याच उजनीत मच्छीमारांना सकरही सापडतो. दक्षिण अमेरिकेतला मासा. अंगावर हाडांचं चिलखत, काटेरी पर, त्यामुळे जाळी फाटतात, आणि पकडून उपयोग नाही कारण खायला कोणी घेत नाही. काठात बिळं करून अंडी घालतो. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला तर वर येऊन हवा गिळतो, म्हणून सहजासहजी मरतही नाही. कोणीतरी कधीतरी ‘सुखात राहील’ म्हणूनच तो पहिल्यांदा सोडला असणार. आणि मुळेचं पाणी म्हणजे आमच्याच नळाचं पाणी. वसंत टेकडीच्या टाकीत येतं, तिथून आम्हा सावेडीकरांना.

म्हणजे सकर राहणार. मग प्रश्न उलटा झाला: मला कोणते मासे आवडतात हा नाही, तर सकरसोबत, आमच्या पाण्यात आणि आमच्या उन्हाळ्यात कोण राहील?

हे शहाणपण मला लगेच आलं नाही. आधी वीस निऑन टेट्रा मारून झाले. मी टँक ‘स्वच्छ’ करायला घेतला, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला, आणि नळाचं पाणी एक दिवसाआड, म्हणून टँक बोअरच्या पाण्याने भरला. दोन्ही चुका. स्पंजमधला तो तपकिरी गाळ म्हणजे जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. पहिले दोन्ही माशांना विष, तिसरं त्यामानाने सौम्य आणि झाडांचं खत. ही वस्ती पहिल्यांदा बसायला महिना-दीड महिना लागतो. मी ती क्लोरीनच्या पाण्याने धुऊन टाकली होती. बोअरचं पाणी नंतर मीटरने मोजलं तर टीडीएस ११०० च्या वर. निऑन ॲमेझॉनकडच्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला. शिवाय पाणी अल्कधर्मी असलं की अमोनिया जास्त जहाल होतो. पाच दिवसांत वीसच्या वीस गेले. सकरला काही झालं नाही. रोज सकाळी दोन-चार मासे जाळीने काढून कुंडीत पुरायचे, आणि आई काही बोलत नव्हती, हे जास्त लागत होतं.

मग मी वही केली. बाबांचीच, मेजरमेंट बुकसारखी उभी-आडवी आखलेली.

एंजल: उंच टँक, त्याला शोभला असता. पण मोठा झालेला एंजल तोंडात मावेल तो मासा खातो. आणि सकर रात्री चपट्या माशांना चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. डिस्कसचंही तेच, शिवाय त्याचे लाड मोठे. दोन्ही खोडले.

मिस केरळा, म्हणजे डेनिसन बार्ब: लाल-काळा पट्टा, आपल्याच सह्याद्रीचा, त्यामुळे मनात भरला. पण तो वाहत्या, थंड पाण्यातला. मे महिन्यात नगरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा टँकमध्ये ३१-३२ होतात. फॅन लावला तर दोनेक अंश उतरतात, जास्त नाही. आणि आयुसीएनच्या यादीत तो धोक्यात आहे. झेब्रा लोच कृष्णा खोऱ्यातला, म्हणजे आणखी जवळचा, तोही त्याच यादीत. दुकानातला मासा नदीतून पकडलेला की तलावात पैदास केलेला, याचं उत्तर मिळेना. खोडले, पण जड गेलं.

रेनबो इथे कामाला आले. बोसमनी रेनबो पश्चिम पापुआतल्या आयामारू तलावांच्या भागातला. तिथलं पाणीच जड, चुनखडीचं. पुढचा अर्धा निळसर, मागचा नारिंगी. उन्हाळा सोसतो, चपळ आहे, चार इंच वाढतो आणि कोणाच्या वाटेला जात नाही. त्याच्या गावी तोही धोक्यात आहे, हे लिहायला हवं. मात्र बाजारातला बहुतेक फार्मवर जन्मलेला असतो. आठ घेतले, तीन नर, पाच माद्या. दुकानातून आणला तेव्हा प्रत्येक जण राखाडी होता. आई म्हणाली, ‘हे एवढ्या पैशाचे?’ त्यांना रंग चढायला महिने लागतात.

थवा हवाच होता. दुकानदार म्हणाला, ‘सर, विडो घ्या. मरत नाही.’ ब्लॅक स्कर्ट टेट्राचं बाजारातलं नाव विडो. मागचा अर्धा भाग काळ्या पदरासारखा. दुकानात त्याचे गुलाबी, हिरवे, निळेही मिळतात. बऱ्याचदा फिकट माशाला बाहेरून रंग दिलेले असतात, घेऊ नयेत. मी दहा काळे आणले. आईने नाव विचारलं. मी ‘टेट्रा’ म्हणून वेळ मारून नेली, पण पुतणीने पिशवीवरची चिठ्ठी मोठ्याने वाचली. क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग आईच हसली. ‘दहाजणी एकत्र आहेत ना? मग बरंय की.’

झाडं निवडतानाही सकरचाच विचार. वाळूत लावलेलं नाजूक काहीही तो एका रात्रीत उपटतो. म्हणून अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला दोऱ्याने बांधले. त्यांची खोडं वाळूत पुरायची नसतातच. मागे व्हॅलिसनेरिया, मातीच्या कुंड्यांत, तोंडाशी दगड लावून. ती आपल्याकडच्या तळ्यांतली वनस्पती, जड पाणी तिला मानवतं. पाणी आता नळाचंच, ड्रममध्ये एक दिवस ठेवून, अँटिक्लोरीन घालून. आठवड्याला चौथा हिस्सा बदलतो. स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळतो.

सकाळी लाइट लागला की रेनबोचे नर एकमेकांसमोर पर फुलवून उभे राहतात, दहा मिनिटं तमाशा चालतो. आईचा चहा त्याच वेळेला असतो. दिवाळीच्या साफसफाईत मोजले तर विडो नऊच भरले. आईने मला पुन्हा मोजायला लावले, मग पुतणीला. दहावी फिल्टरच्या पाइपमागे होती. सकर तिथेच खाली पडला होता, आदल्या रात्रीच्या काकडीचं साल तोंडाशी.