दौलतखानाचा चेहरा

शाळेच्या गॅदरिंगला हल्ली प्रत्येक पालकाच्या हातात मोबाईल असतो. शेकड्यांनी फोटो निघतात. तरी दुसऱ्या दिवशी बहुतेकांचा हिरमोड होतो. मूल रंगमंचावर होते, पण फोटोत त्याच्या जागी एक निळा डाग असतो, नाहीतर पांढराफटक चेहरा.

आमच्या थळच्या किनाऱ्यावरून समोर खांदेरी दिसते. म्हणून यंदा त्याच किल्ल्यावर नाटिका बसवली. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून मायनाक भंडारींनी बेटावर तट बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांनी तो अडवायला जहाजे पाठवली, तेव्हा मराठ्यांचे आरमार घेऊन दौलतखान मदतीला आला. १६८० मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी धरली. एक मुसलमान सरदार महाराजांच्या बाजूने, दुसरा विरुद्ध. झगडा समुद्रावरच्या हुकमतीचा होता, हे मुलांना तालमीतच समजले.

दौलतखान झालेला मुलगा सावळा, अंगात काळा अंगरखा, जागा मागच्या कोपऱ्यात. त्याचे अब्बा कुवेतला नोकरीला. त्यांचा निरोप आला, "सर, एकच फोटो पाठवा, पण पोराचा चेहरा दिसला पाहिजे."

रंगीत तालमीत फोटो काढून पाहिले. महाराज छान आले. दौलतखानाची फक्त तलवार दिसत होती.

यात कॅमेऱ्याचा वाईट हेतू नसतो. आपले मूल कोणते हे त्याला ठाऊक नसते, तो समोरच्या उजेडाची सरासरी काढतो. मागे झगझगीत पडदा असेल तर तो उजेड कमी करतो आणि पुढचे मूल काळे पडते. रंगमंच अंधारा आणि एकच झोत असेल तर उजेड वाढवतो आणि चेहरा पांढरा होतो. शिवाय सरासरी कुणाला धरून काढायची, हेही माणसेच ठरवतात. फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी लॅबना 'शर्ली कार्ड' पाठवत असे. त्यावर बरीच वर्षे गोऱ्या बाईचाच फोटो असायचा. सावळी माणसे त्या मापात बसत नसत.

म्हणून कॅमेऱ्याला आपणच सांगावे लागते. स्क्रीनवर मुलाच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथे पक्का होतो. मग बोट वरखाली सरकवून उजेड कमीजास्त करा. फ्लॅश बंद ठेवा. तो रंगमंचापर्यंत पोहोचत नाही, पुढच्या रांगेतली डोकी तेवढी उजळतात. नाईट मोडही नको. त्यात फोटो निघायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मूल हलते. एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवून पाहा. एवढ्या शटरला नाचणारे पाय धूसर येतात. तेव्हा संवाद संपून मूल क्षणभर थांबते, ती वेळ साधा. निळ्या-लाल दिव्यांत चेहऱ्याची ठेवण पुसली जाते. पिवळा किंवा पांढरा दिवा लागेपर्यंत धीर धरा.

इतके करूनही कोपऱ्यात उजेडच नसेल तर? मी लाईटवाल्या दादांकडे गेलो. म्हटले, "दौलतखान बोलतो तेवढा वेळ एक पिवळा दिवा इकडे वळवाल का?" ते म्हणाले, "आधी सांगायचंत ना सर, त्यात काय!" मुलालाही सांगितले, संवाद संपल्यावर तीन आकडे मोजेपर्यंत तलवार वर धरून उभा राहा.

कार्यक्रमाच्या रात्री पोराने मोजून तीन आकडे वाट पाहिली. फोटोत कपाळावरचा घाम, अर्धी सुटलेली दाढी, सगळे आले. त्याच्या अम्मीला दाखवून, तिच्या परवानगीने तो कुवेतला पाठवला. ग्रुपवर टाकला नाही. मुलांचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय फिरवू नयेत, असे मला वाटते.

अर्ध्या तासाने उत्तर आले, "माशाअल्लाह! सर, हा दौलतखान खरंच होता का, की नाटकापुरता?"

ज्या माणसाचे बालपण खांदेरीकडे बघत गेले, त्याचा हा प्रश्न. त्या रात्री मी त्यांना सगळी हकीकत लिहून पाठवली.