परवीन नसरीनच्या मागे का?

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात मेनफ्रेमवर काम करते. उर्दू माध्यमातली मुलगी, अलिफ-बे माझ्याकडेच गिरवलेली. इतरत्र नीट चालणारा प्रोग्राम मेनफ्रेमवर नेला की का अडखळतो, हे तिनं मला ईदच्या दिवशी शीरखुर्मा खाता खाता समजावलं. मला ते दुखणं फार ओळखीचं वाटलं.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. आपल्या नेहमीच्या संगणकांचा हिशेब आस्कीवरून आलेला. त्यात इंग्रजी मोठा ए ६५, झेड ९०, मधली अक्षरं ओळीनं. आयबीएमनं १९६४ मध्ये सिस्टीम/३६० जाहीर केली, तिच्यासोबत एब्सिडिक हा वेगळा हिशेब आला. मेनफ्रेमवर तो अजून नांदतो. तिथे ए १९३, आय २०१. पण जे २०२ नाही, २०९. आर २१७ आणि एस थेट २२६. हा कुणाचा वेंधळेपणा नव्हे. पंचकार्डावर अक्षरं नऊ-नऊच्या गटांत टोचली जायची, शेवटचा गट आठाचा. कार्डं गेली, त्यांची ठेवण आकड्यांत राहिली.

आता आस्कीवर वाढलेला प्रोग्रामर लिहितो, ‘ए आणि झेडच्या मध्ये जे येईल ते अक्षर.’ मेनफ्रेमवर त्या पट्ट्यात २०८ वर महिरपी कंस बसलाय, २२४ वर उलटी तिरकी रेघ. नावाच्या रकान्यात कंस आला तरी प्रोग्राम त्याला अक्षर मानून आत घेतो. आस्कीत अंक अक्षरांच्या आधी येतात, इथे नंतर. म्हणून दोन यंत्रांवर क्रमानं लावलेल्या याद्या ताडताना असलेली नोंद ‘सापडत नाही’. बरं, सगळी फाईल सरसकट बदलून टाकावी, तर तेही जमत नाही. रकमा बहुधा आवळून, एकेका बाइटमध्ये दोन-दोन अंक कोंबून ठेवलेल्या असतात. अक्षरं सुधारतात, रकमा बिघडतात.

“सर, आकड्याला विचारायचंच नाही. हे अक्षर आहे का, असं त्या यंत्राच्या भाषेलाच विचारायचं,” ती म्हणाली. सी भाषेत त्यासाठी तयार फंक्शन असतं.

मला आमच्या शाळेतली यादी आठवली. युनिकोडमध्ये अरबीची मूळ अक्षरं आधी बसली आणि पे, टे, चे, डाल, गाफ ही अरबीत नसलेली अक्षरं त्यांच्या मागे. आपल्या ओळीत पे तिसरा. नुसत्या आकड्यांनी यादी लावली की परवीन नसरीनच्या मागे, वहीदाच्याही मागे. मराठीचंही तसंच. आपण ळ ह-नंतर म्हणतो, युनिकोडनं तो ल-शेजारी बसवलाय. क्ष तर क-मध्येच विरून जातो, कारण त्याला स्वतःचा आकडाच नाही.

तोंडी परीक्षेला मुली यादीच्या क्रमानं आत जातात. तिसऱ्या-चौथ्या नंबरला जाणारी परवीन दुपारपर्यंत बाकावर बसून होती, रोज्यात. मी विचारलं तेव्हा यादी काढणारे म्हणाले, “कॉम्प्युटरनं लावलीय, बरोबरच असणार.” दुसऱ्या दिवशीची यादी मी हातानं लिहून दिली.